महिदपूरनंतरचे इंदूर



लहानपणी आमच्या घरी पानिपताच्या कथा पुष्कळ सांगितल्या जात. महिदपूरचे नाव मात्र मी तेथे कधी ऐकले नाही. वास्तविक इंदूरच्या मराठी समाजाला आजचे रूप देण्यात महिदपूरचा वाटा फार मोठा आहे.

इ. स. १८०२ मध्ये पुण्याजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. या घरच्या कलहातून दुसरे बाजीराव इंग्रजांच्या आश्रयास गेले आणि वसईचा तह झाला. त्या कलहाची किंमत पुढे होळकरांनाही द्यावी लागली. २१ डिसेंबर १८१७ रोजी क्षिप्रेकाठी महिदपूर येथे इंग्रजांशी गाठ पडली, तेव्हा गादीवर अल्पवयीन मल्हारराव होते आणि कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंचा स्वपक्षीयांनीच नुकता वध केला होता. तोफखाना शर्थीने लढला. पण दुभंगलेल्या दरबाराला तो तारू शकला नाही.

लढाई एका दिवसात संपली. तिचे परिणाम मात्र ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने पिढ्यान्‌पिढ्यांचे झाले. सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख गेला, राजपूत संस्थानांवरील हक्क गेले, परराज्यांशी स्वतंत्र व्यवहार करण्याचा अधिकार गेला. तात्या जोगांच्या कारभारात इंदूर राजधानी झाले आणि इंग्रज रेसिडेंटही येथेच येऊन राहिला. मोहिमा थांबल्या, तशी तलवारीची मिळकतही आटली. शिलेदाराच्या नातवाने लेखणी हाती धरली. कारकून, वकील, शिक्षक ही आपली नवी ओळख झाली. शाळेविषयी आपल्या समाजाला वाटणाऱ्या आस्थेचे एक मूळ मला या पराभवात दिसते.

भाषेचेही असेच झाले. १९१७ मध्ये मराठी साहित्य संमेलन इंदुरात भरले. पुढच्याच वर्षी येथील हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद महात्मा गांधींनी भूषविले. १९४८ मध्ये होळकर संस्थान मध्यभारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मध्यभारत मध्य प्रदेशात. मराठीचा राजाश्रय संपला.

राज्याबरोबर आलेली भाषा राज्य गेल्यावर कोणाच्या बळावर जगते? घराच्या आणि शाळेच्या, एवढेच उत्तर मला देता येते. म्हणून विद्यार्थी मित्रहो, आपल्या घरी पानिपताची गोष्ट अवश्य सांगा. पण महिदपूरची गाळू नका. विजयांनी आपल्याला माळव्यात आणले. येथल्या शेजाऱ्यांत मिसळून राहायला मात्र पराभवाने शिकविले.