काळ्या मातीवरचे गॅरेज : भालकीतील घराला गाडीची खोली जोडताना

भालकी हे कर्नाटकातील बिदर जिल्ह्याचे तालुक्याचे ठिकाण. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बिदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले. भालकी, बिदर, हुमनाबाद म्हैसूर राज्यात. घरातील बोली मात्र अनेक कुटुंबांत मराठीच राहिली आणि घरबांधणीचे शब्दही मराठवाड्याचेच राहिले : ढाळज, देवडी, ओसरी, माळवद. जुन्या वाड्यात बैलगाडीची जागा मूळ आराखड्यातच असे. देवडीचे दार गाडी आत येईल एवढे रुंद, ढाळजेत येणाऱ्याजाणाऱ्याची बैठक, पलीकडे गोठा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेल्या सुट्या घरांतून ही जागा नाहीशी झाली. आता दारात चारचाकी आली की घराच्या कुशीला एक खोली जोडण्याचा विचार सुरू होतो, आणि तो बहुधा गाडीच्या लांबी-रुंदीपासून सुरू होतो. भालकीत तो जमिनीपासून सुरू व्हावयास हवा.

गोव्यातील वाचकाला हा आग्रह अनाठायी वाटण्याचा संभव आहे. चिऱ्याच्या भिंतीला चिऱ्याचीच आणखी एक भिंत लावून वर कौले किंवा पत्रा चढविला की तेथे काम भागते, कारण खाली जांभा असतो आणि तो पावसाळ्यात फुगत नाही. गंमत अशी की बिदर शहरही जांभ्याच्याच पठारावर वसले आहे. तेथील नौबादचा करेझ, म्हणजे भूमिगत जलमार्ग, याच खडकात खोदलेला आहे. पण पठार उतरून भालकी-औरादच्या बाजूला गेले की जमीन बदलते. दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन तयार झालेली काळी माती लागते. तूर, ज्वारी आणि सोयाबीन यांना ती मानवते. घराला मात्र तिचा जाच होतो.

या मातीत माँटमोरिलोनाइट जातीचे चिकणखनिज असते. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ते फुगते, पाणी उडून गेले की आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जूनच्या पावसात त्या मिटतात, हे तेथील प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असते. तीच हालचाल घराखालीही चालू असते. वरून जेवढा भार कमी, तेवढी ती माती बांधकामाला सहज उचलते. म्हणून फुगणाऱ्या जमिनीत दुमजली इमारतीपेक्षा एकमजली, हलकी खोली अधिक धोक्यात असते. ‘गॅरेजच तर आहे, त्याला कशाला खोल पाया?’ हे वाक्य बांधकामावर हमखास ऐकू येते. काळ्या मातीच्या बाबतीत ते नेमके उलटे आहे. गाडीचे दीड टन वजनही येथे उपयोगी पडत नाही, कारण ते चार चाकांवर विसावते आणि फरशीचा बाकीचा भाग मोकळाच राहतो.

जोडखोलीची अडचण याहून वेगळी आणि अधिक सूक्ष्म आहे. पंचवीस-तीस वर्षे उभ्या असलेल्या घराखालच्या मातीने ओलाव्याचा एक समतोल गाठलेला असतो. त्याच्या कडेची मोकळी जमीन दर उन्हाळ्यात वाळते, दर पावसाळ्यात भिजते. त्या जमिनीवर फरशी व छप्पर आले की बाष्पीभवन थांबते, खालून येणारा ओलावा तेथेच साठतो आणि माती हळूहळू फुगून मध्यभागी उंचावते. त्या जागेवरचे लिंबाचे किंवा पिंपळाचे झाड तोडून खोली उभारली असेल तर परिणाम आणखी तीव्र होतो : झाडाने शोषून कोरडी केलेली माती पुढे काही वर्षे पाणी घेत फुगत राहते. जुने घर स्थिर, नवी खोली हलती, आणि दोहोंना जोडणारी भिंत एकच. तडा कोठे जाणार हे उघड आहे, आणि तो बहुधा जुन्या घराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका चढतो.

म्हणून पहिला खर्च मातीच्या तपासणीचा. त्यातील एक चाचणी अगदी साधी असते. वाळवून चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन मापपात्रांत घेतात. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. चोवीस तासांनी दोहोंतील मातीच्या आकारमानाची तुलना करून फुगण्याची टक्केवारी काढतात. ती पन्नासच्या वर गेल्यास वरवरच्या पायाचा विचार सोडून द्यावा. सोबत एका कोपऱ्यात खड्डा घेऊन मुरूम किती खोलीवर लागतो हेही पाहावे. चार-पाच फुटांवर घट्ट मुरूम लागला तर पाया त्यावर टेकवून काम निभते. मांजरा नदीच्या खोऱ्याकडे, जेथे काळीचा थर जाड असतो, तेथे दोन मार्ग उरतात.

पहिला मार्ग अंडर-रीम्ड पाइलचा. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठीच विकसित केलेली ही पद्धत आहे. जमिनीत भोक पाडून तळाशी ते फुगीर करतात, साधारणपणे दांड्याच्या अडीच पट रुंद, आणि सळई घालून काँक्रीट भरतात. सुमारे साडेतीन मीटर खोलीवर ऋतूनुसार होणारी मातीची हालचाल नगण्य होते, म्हणून पाइल तेवढ्या खोल नेतात. वरची तुळई मातीवर टेकू न देता तिच्याखाली सुमारे ८० मिलिमीटर पोकळी ठेवावी लागते. ही पोकळी कामावरचे लोक अनेकदा ‘रिकामी कशाला’ म्हणून माती भरून बुजवतात आणि सगळा खर्च वाया जातो. दुसरा मार्ग मुंबईच्या आयआयटीतील प्रा. आर. के. कट्टी यांच्या संशोधनातून पुढे आला : काळी माती काढून तिच्या जागी न फुगणाऱ्या, पण चिकट अशा मातीचा सुमारे एक मीटर थर दाबून भरणे. मुरूम जवळ उपलब्ध असलेल्या भागात त्यातील योग्य प्रतीचा निवडून हा थर करता येतो. नुसती वाळू भरणे मात्र टाळावे. वाळू पाणी साठवते आणि खालच्या काळीला पुरवत राहते.

पाया कोणताही असो, नवी खोली जुन्या घराला खेटून उभी करावी, बांधून टाकू नये. जुन्या भिंतीत सळया ठोकून किंवा दगड काढून नवी भिंत गुंतवण्याची रीत येथे घातक ठरते. गॅरेजला स्वतःचे चारही कोपऱ्यांचे खांब असावेत आणि दोन्ही बांधकामांमध्ये पायापासून छतापर्यंत सलग फट ठेवावी. भूकंपाच्या दृष्टीने भारतीय मानकात लगतच्या इमारतींमध्ये किमान २५ मिलिमीटर अंतर सांगितले आहे. फटीत डांबरी फळी किंवा तत्सम दबणारे साहित्य भरावे, वरून पत्र्याची पट्टी लावावी आणि ती एकाच बाजूला ठोकावी, म्हणजे दोन्ही बाजूंना हलण्यास वाव राहतो.

भूकंपाचा उल्लेख केवळ नियमाखातर नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ज्या किल्लारीला भूकंप झाला, ते गाव भालकीपासून सरळ रेषेत साठ-सत्तर किलोमीटरवर आहे. तेथे हजारो माणसे दगावली ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे जड माळवद कोसळल्यामुळे. त्या भिंतींचे आतले व बाहेरचे असे दोन पदर असत, आणि त्यांना आरपार बांधणारे जोडदगड नसत. भालकीतील अनेक जुनी घरे त्याच घडणीची आहेत. अशा भिंतीत गॅरेजमधून थेट घरात येण्यासाठी दार फोडणे म्हणजे दोन्ही पदर सैल करणे होय. दार हवेच असेल तर अभियंत्याकडून भिंतीची तपासणी, आधी टेकू, मग काँक्रीटची चौकट आणि शेवटी फोडणे, हा क्रम मोडू नये. पायाचा चरही जुन्या जोत्याला लागून एका दमात सलग खोदू नये. तीन-चार फुटांचे तुकडे पाडून, एक भरला की दुसरा, असे जावे.

घडणीइतकेच महत्त्व पाण्याला आहे. छपराचा उतार जुन्या घराकडे असता कामा नये. पन्हळीचे पाणी नळीतून दूर सोडावे. खोलीभोवती काँक्रीटचा बाहेर उतरता पट्टा करावा. गॅरेजचे जोते सभोवतालच्या जमिनीपेक्षा किमान १५० मिलिमीटर उंच असावे, आणि गाडी धुण्याची हौस आत पुरवू नये : दर रविवारी भिंतीलगत ओतलेले पाणी एका पावसाळ्याइतकेच काम करते. पावसाळा तरी चार महिन्यांत संपतो.

मापांचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. लहान मोटारीला आतून दहा बाय अठरा फूट पुरतात. दोन्ही बाजूंची दारे उघडून माणसे उतरायची असतील, कडेला दुचाकी ठेवायची असेल तर बारा बाय वीस बरे. शटर गुंडाळले जाते तेथे वर दीड फूट जागा जाते, हे उंची ठरवताना विसरले जाते. बोलेरोसारख्या उंच गाडीवर सामानाचा कठडा असेल किंवा पुढे ट्रॅक्टर आत घ्यायचा विचार असेल तर तो आजच सांगावा. (सुगीत गाडी बाहेर आणि तुरीची पोती आत, हेही गृहीत धरावे.) जुन्या गावठाणातील अरुंद बोळात गाडी वळत नसेल तर शटर रस्त्याच्या रेषेवर न घेता चार-पाच फूट मागे घ्यावे. ‘वर पुढे एक खोली चढवू’ हा बेत असल्यास खांब आणि पाया आताच त्या भाराचे करावेत. नसल्यास स्लॅबचा हट्ट न धरता पत्र्याचे हलके छप्पर घालावे.

घर आणि गॅरेज यांमधील दार भरीव, आपोआप मिटणारे असावे आणि त्याचा उंबरा उंच असावा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. उंबरा तिला अडवतो. जुन्या घराची झोपण्याच्या खोलीची खिडकी नव्या गॅरेजात उघडत असेल तर ती बुजवून त्या खोलीला दुसरीकडून उजेड द्यावा, कारण सुरू इंजिनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. विजेवर चालणारी गाडी घेण्याचा विचार असल्यास चार्जिंगसाठी स्वतंत्र वायर, चांगले अर्थिंग आणि गळती ओळखून वीज तोडणारा स्विच सुरुवातीलाच बसवावा.

परवानगीचा भाग कंटाळवाणा असला तरी टाळता येत नाही. भालकी शहरात पुरसभेची मंजुरी कर्नाटक नगरपालिका अधिनियम, १९६४ खाली, खेड्यांत ग्रामपंचायतीची १९९३ च्या पंचायत राज कायद्याखाली घ्यावी लागते. गॅरेज बहुधा बाजूच्या मोकळ्या सोडलेल्या पट्ट्यातच येते, आणि तो पट्टा नियमाने मोकळा ठेवायचा असेल तर छप्पर कितीही हलके असले तरी ते बांधकामच ठरते. खात्याचा उतारा घराच्या आजच्या मालकाच्या नावावर आहे की आजोबांच्या, हे आधी पाहावे. वाड्याची वाटणी झालेली असेल तर ज्या भिंतीला खोली लागणार ती भावकीची सामाईक भिंत असू शकते. तेथे तोंडी होकारावर न थांबता लेखी संमती घ्यावी.

कामाचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम. मे महिन्यात मजूर मोकळे असतात आणि चर कोरडे राहतात, म्हणून तोच महिना निवडला जातो. पण तेव्हा काळी माती पूर्ण आकसलेली असते आणि तिच्यावर घातलेली फरशी जूनमध्येच उचलली जाते. खांब, छप्पर आणि पाण्याचे निचरे आधी पूर्ण करून आतली जमीन एक पावसाळा दाबलेल्या मुरुमावरच ठेवावी, गाडी त्यावरच उभी करावी, आणि फरशी दिवाळीनंतर, भिंतींपासून सुटी ठेवून घालावी.