दस्त्याचं तेल

धार जिल्ह्यातलं पीथमपूर आज मोटारींच्या कारखान्यांसाठी ओळखलं जातं. पण धार आणि देवास ही १८व्या शतकापासून पवारांची संस्थानं होती. देवासात तर थोरली आणि धाकटी अशा दोन पात्या. माळव्याच्या अशा मुलखात खंडेनवमीला शस्त्र पूजेत मांडायचं, तर परवान्याच्या जुन्या रायफलीचा दस्ताही उजळायला हवा. त्यासाठी लागतं जवसाचं तेल.

तोड्याच्या बंदुकांचे दस्ते सरळ, सडपातळ असत. श्रीमंती बंदुकांवर रंगकाम, लाखकाम, हस्तिदंताची जडावही दिसते. तेलाची रीत पक्की केली ती फौजेने. १९०७ साली ब्रिटिश फौजेत ली-एनफील्ड मार्क ३ आली. तिचा दस्ता मुख्यतः अक्रोडाचा. हे लाकूड धक्का सोसतं, सहजी तडकत नाही. ते कच्च्या जवसतेलात मुरवत आणि पुढे शिपाई तेच तेल हाताने चोळत. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातही ही रायफल बनू लागली. १९६०च्या दशकात तिथेच तयार झालेल्या ७.६२ मिमीच्या २ए१ रायफलीनेही लाकडी दस्ता टिकवला.

जवसच का? खोबरेल लाकडावर ओलंच राहतं. जवसतेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं, लाकडाच्या रंध्रांत बसतं आणि ओल आत शिरण्याचा वेग कमी करतं. एकोणिसाव्या शतकात भारतातून जवसाचं बी बोटी भरभरून इंग्लंडला जाई. माळव्याच्या काळ्या मातीतही जवस पिकतं. रीत फौजेची असली, तरी बी इथलंच.

घरी करायचं काम साधं आहे. रायफल रिकामी असल्याची खात्री करून जुना मळ पुसावा. लाकूड दबलं असेल तिथे ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवावी. वाफेने तंतू फुगून खळगा वर येतो. मग तेलाचा पातळ हात द्यावा, जास्तीचं पुसावं, वाळू द्यावं आणि पुन्हा हात द्यावा. तेलाची फडकी चुरगळून टाकू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवावीत.

पॉलिश पेपर मात्र दूर ठेवा. दस्त्यावरचे कारखान्याचे आणि तपासनिसांचे ठसे हाच त्या रायफलीचा दाखला असतो. एकदा घासून गेलेला ठसा कोणत्याही तेलाने परत येत नाही.