साखर सोडली, पण खारी सुरूच! ग्लायसेमिक इंडेक्स म्हणजे नेमकं काय?

‘मी साखर सोडलीये’ असं सांगणारा एक तरी माणूस पुण्यातल्या प्रत्येक ऑफिसात सापडतो. त्याचा चहा बिनसाखरेचा असतो, पण सोबत खारी किंवा टोस्ट असतो. सकाळी पोहे, दुपारी तीन पोळ्या आणि वरणभात, चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी. गोडाचं नाव नाही. तरीही तपासणीच्या रिपोर्टमध्ये शुगर वाढलेलीच दिसते.

असं का होतं? कारण रक्तातली साखर फक्त साखरेने वाढत नाही. पोळी, भात, पाव, साबुदाणा, बटाटा यांत स्टार्च असतो. पोटात गेल्यावर त्याचं ग्लुकोज होतं आणि ते रक्तात उतरतं. कोणत्या पदार्थाचं ग्लुकोज किती झपाट्याने रक्तात येतं, हे सांगणारा आकडा म्हणजे ग्लायसेमिक इंडेक्स, थोडक्यात जीआय.

‘मी तर बारीक आहे, मला काय होतंय?’

पुण्याच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर एका गाजलेल्या फोटोत आहे. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा हा फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३ म्हणजे अगदी सारखा होता. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के.

वजनकाटा दोघांनाही पास करतो, पण आतलं चित्र वेगळं असतं. पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये १९९३ पासून सुरू असलेल्या अभ्यासात हीच गोष्ट नवजात बाळांमध्येही दिसली. इथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो होतं, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पुण्याकडची बाळं लहान आणि बारीक होती, पण त्यांच्या त्वचेखालची चरबी त्या प्रमाणात कमी नव्हती. स्नायू मात्र कमी होते. ‘थिन-फॅट इंडियन’ म्हणजे दिसायला बारीक, पण आतून चरबीदार, ही ओळख या संशोधनामुळे जगभर पोहोचली.

म्हणूनच भारतीयांसाठी निकष कडक आहेत. बीएमआय २३ च्या वर गेला की जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. कंबरेचा घेर पुरुषांमध्ये ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटीमीटरपेक्षा जास्त नसावा. थोडक्यात, ‘कमी जीआय’चा विषय फक्त जाड माणसांचा नाही.

हा आकडा काढतात कसा?

ही कल्पना टोरांटो विद्यापीठातले डॉ. डेव्हिड जेनकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडली. पद्धत सोपी आहे. उपाशीपोटी असलेल्या माणसाला एखादा पदार्थ देतात आणि त्यातून ५० ग्रॅम कर्बोदकं पोटात जातील एवढं प्रमाण ठेवतात. पुढचे दोन तास ठरावीक वेळाने रक्तातली साखर मोजतात. तेवढंच शुद्ध ग्लुकोज दिल्यावर जी वाढ होते ती १०० धरतात आणि तिच्याशी तुलना करतात.

५५ किंवा त्याहून कमी आकडा म्हणजे कमी जीआय, ५६ ते ६९ मध्यम आणि ७० च्या पुढे जास्त. आंतरराष्ट्रीय तक्त्यांमधले काही सरासरी आकडे असे आहेत:

• राजमा २४, छोले २८
• सफरचंद ३६, दूध ३९
• केळं ५१, आंबा ५१
• गव्हाची चपाती ५२
• साधी साखर ६५
• पांढरा भात ७३, पांढरा ब्रेड ७५
• उकडलेला बटाटा ७८

यादीत साखर भाताच्या आणि ब्रेडच्या खाली आहे. याचा अर्थ साखर चांगली असा नाही. अर्थ एवढाच की, साखर टाळून ब्रेड खाल्ला तर रक्ताला फारसा फरक कळत नाही.

मग फक्त जीआय बघून खायचं का?

इथेच बरेच जण फसतात. बऱ्याच तक्त्यांत कलिंगडाचा जीआय ७० च्या वर दिलेला असतो, म्हणून मधुमेही त्याला हातही लावत नाहीत. पण कलिंगडातून ५० ग्रॅम कर्बोदकं मिळवायची तर साधारण ६५० ग्रॅम फोडी खाव्या लागतील. दोन-चार फोडींनी तेवढं होत नाही.

म्हणून दुसरा आकडा वापरतात, ग्लायसेमिक लोड. जीआयला खाल्लेल्या कर्बोदकांच्या ग्रॅमने गुणायचं आणि १०० ने भागायचं. उत्तर १० पर्यंत आलं तर कमी, २० च्या पुढे गेलं तर जास्त. दीडशे ग्रॅम शिजलेल्या भातात ४० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, म्हणजे लोड सुमारे २९. तोच भात निम्मा घेतला की लोड १५ च्या खाली येतो. भात बदलला नाही, फक्त वाढण्याचं प्रमाण बदललं.

उलटी फसगतही होते. आइस्क्रीमचा जीआय उकडलेल्या बटाट्यापेक्षा कमी असतो, कारण त्यातल्या फॅटमुळे पचन हळू होतं. म्हणून मस्तानी ‘हेल्दी’ ठरत नाही. साखर आणि कॅलरी जिथल्या तिथेच असतात.

गूळ, मध, ‘शुगर फ्री’ यांचं काय?

गुळात थोडी खनिजं असली तरी त्याचा मुख्य भाग साखरच असतो आणि कॅलरी जवळपास साखरेइतक्याच. मधाचंही फार वेगळं नाही. ‘गुळाचा चहा’ चवीसाठी प्यावा, औषध म्हणून नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली आणि शक्यतो ५ टक्क्यांखाली असावी. ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, सहा चमचे. यात मध आणि फळांचा रसही मोजतात. दोन चमचे साखरेचे तीन चहा झाले की दिवसाचा कोटा संपला.

‘शुगर फ्री’ बिस्किटात साखर नसते, पण मैदा असतोच. पाकिटामागे माल्टोडेक्स्ट्रिन लिहिलेलं असेल तर जास्त लक्ष द्या. चवीला ते फार गोड नसतं, पण रक्तातली साखर झपाट्याने वाढवतं.

पोळी सोडून भाकरी घेतली तर?

भाकरी चांगलीच. २०२१ मध्ये इक्रिसॅटच्या पुढाकाराने बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात ज्वारी, नाचणी, वरई अशा भरड धान्यांचा सरासरी जीआय ५२.७ निघाला, म्हणजे पांढऱ्या तांदळापेक्षा आणि मैद्यापेक्षा बराच कमी. पण तो आकडा जात, दळण आणि शिजवण्यावर हलतो. पीठ जितकं बारीक, तितकं ते लवकर पचतं.

दुसरा इशारा जास्त महत्त्वाचा आहे. देशभरात झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाचे आहाराबद्दलचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीयांच्या ताटातल्या सुमारे ६२ टक्के कॅलरी कर्बोदकांमधून येतात, असं त्यात दिसलं. मैदा किंवा पांढऱ्या तांदळाऐवजी गहू अथवा भरड धान्यांचं पीठ वापरणाऱ्यांमध्ये मधुमेहाची शक्यता त्या बदलामुळे कमी दिसली नाही. कर्बोदकांचा काही वाटा कमी करून त्या जागी डाळी, कडधान्यं, दूध-दही यांतली प्रथिनं घेतली तेव्हा मात्र ती कमी दिसली.

म्हणजे तीन पोळ्यांच्या जागी तीन भाकऱ्या हे अर्धंच काम आहे. दीड भाकरी आणि दोन वाट्या उसळ हे पूर्ण काम.

ताटात नेमकं काय बदलायचं?

क्रम: आपलं पारंपरिक जेवण वरणभाताने सुरू होतं. न्यूयॉर्कच्या वेल कॉर्नेलमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये एक छोटा प्रयोग केला. टाइप टू मधुमेह असलेल्यांनी आधी भाज्या आणि प्रथिनं खाल्ली, नंतर कर्बोदकं. तेव्हा जेवणानंतरची साखर कमी वाढली. आपल्याकडे यासाठी वेगळा पदार्थ शोधायची गरज नाही. ताटात डावीकडे वाढलेली कोशिंबीर आणि वाटीतली उसळ आधी संपवायची, भात शेवटी.

मिसळ: यातली मटकीची उसळ हीच कामाची गोष्ट. उसळ जास्त, फरसाण मूठभर आणि पाव दोनऐवजी एक.

पोहे: शेवटी तो तांदूळच. शेंगदाणे, मटार, मोड आलेली मटकी घालून पोह्यांचं प्रमाण कमी करता येतं. वरून लिंबू पिळायला विसरू नका, आंबटपणामुळे पचनाचा वेग मंदावतो.

उपवास: ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च आणि सोबत बटाटा. त्याऐवजी थोडी भगर, दाण्याची आमटी, काकडी आणि दही घेता येईल.

फळं: रस काढण्यापेक्षा फळ चावून खा. आमरसाच्या वाटीपेक्षा आंब्याच्या चार फोडी बऱ्या.

याने वजन उतरतं का?

फक्त जीआय कमी केल्याने वजन झरझर उतरतं, असं संशोधन सांगत नाही. इतर आहारांशी तुलना केल्यावर वजनातला फरक फारच थोडा किंवा नसल्यासारखा दिसतो. वजन एकूण कॅलरींवर ठरतं. डाळी, कडधान्यं आणि भाज्यांनी पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, ही त्यातली मदत.

पण वजनापलीकडेही फायदा आहे. भारतासह २० देशांमधल्या सुमारे १ लाख ३८ हजार लोकांवरचा ‘प्युअर’ अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आहाराचा जीआय सर्वात जास्त होता, त्यांच्यात हृदयविकार, पक्षाघात आणि मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं.

सुरुवात कुठून करायची?

तपासणीपासून. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ असेल तर ती मधुमेहाच्या आधीची पायरी असते. आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ च्या अंदाजानुसार देशात १३ कोटी ६० लाख लोक या पायरीवर आहेत. इथून मागे फिरता येतं.

इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर मात्र भात-पोळी एकदम कमी करू नका. औषधाचा डोस तोच आणि जेवण अर्धं झालं तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. गरोदर स्त्रियांनी आणि किडनीचा त्रास असलेल्यांनीही आधी डॉक्टरांशी बोलावं.

बाकीच्यांनी उद्याच्या चहापासून सुरुवात करायला हरकत नाही. साखर सोडली असेल तर उत्तमच. आता खारीच्या जागी मूठभर फुटाणे घेऊन बघा.