जांवळे केळे आणि यमिर

मांडव्याच्या वाडीतल्या घडात निघालेले जोडकेळे म्हणजे मराठीतले ‘जांवळे’ (बाळाच्या जावळाशी गल्लत नको). मूळ संस्कृत ‘यमल’, जुळे: यात्रेची जत्रा होते तसा ‘य’चा ‘ज’, ग्रामाचे गाव होते तसा ‘म’चा ‘व’. ‘यम’ही मुळात जुळाच, ऋग्वेदाच्या १०.१० सूक्तात त्याचा बहीण यमीशी संवाद आहे. ज्याच्या मांसाची जमीन, रक्ताचा समुद्र आणि कवटीचे आकाश झाले, त्या नॉर्स आदिराक्षस यमिरचे नाव अनेक भाषाभ्यासक याच मुळाशी जोडतात. नुसते ध्वनिसाम्य फसवे असते, हे खरे. शिवाय यमाच्या देहातून जग घडत नाही, ते पुरुषसूक्तातल्या पुरुषाच्या देहातून घडते. हा आक्षेप मला वजनदार वाटतो. पण पूर्वजपण दोघांनाही चिकटले आहेच: यमिरपासून राक्षसकुळ, तर १०.१४ सूक्तात परलोकाची वाट पहिल्यांदा शोधणारा यम. आणि यमाचाच इराणी भाऊबंद, अवेस्ता या धर्मग्रंथातला यिम, तर आद्य राजांपैकी एक.