सनदेपासून उमेदवारी अर्जापर्यंत

गावगाड्याविषयी लिहिताना वतनदार, बारा बलुतेदार आणि अलुतेदार यांच्या हक्कांची यादी आपण मोठ्या हौसेने देतो. परंतु ज्या काळच्या दप्तरांतून ही यादी आपल्या हाती आली, त्याच काळी हिजड्यांच्या हक्कांच्याही सनदा होत असत, ही गोष्ट त्या यादीत सहसा येत नाही. मराठी अमलात काही हिजड्यांना ठराविक मुलखात मागण्याचा अधिकार सनदेने दिलेला असे, आणि शेतकऱ्याच्या घरचे अन्न व एखाददुसरा पैसा ही त्यांची मागणी त्यामुळे नुसत्या दयेवर अवलंबून न राहता वहिवाटीत मोडे. काहींकडे इनाम जमिनीही होत्या. हा वारसा रक्ताने चालत नसे. गुरूच्या पश्चात तो चेल्याकडे जाई. एवढ्यावरून त्या काळी समता नांदत होती असे मानणे भाबडेपणाचे ठरेल, कारण मागण्याचा हक्क असणे आणि मागण्याची पाळीच न येणे यांत फार अंतर आहे. तथापि सरकारदरबारी त्यांच्या अस्तित्वाला कागदाचा आधार होता, हेही तितकेच खरे.

कंपनी सरकारच्या अमलात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हा आधार सुटला. भिक्षेच्या हक्काला मान्यता देण्याचे मुंबई सरकारने नाकारले. आणि देशाच्या कायद्याचा किंवा सार्वजनिक सभ्यतेचा भंग होत असेल तर इनाम चालू ठेवू नये, अशी १८५२ च्या इनामविषयक कायद्याची अट असल्यामुळे गुरूमागून चेला ही परंपरा सरकारच्या लेखी वारसा राहिली नाही. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यान्वये वायव्य प्रांतांत हिजड्यांच्या नोंदवह्या तयार झाल्या खऱ्या, परंतु ती नोंद हक्काची नव्हती, संशयिताची होती. कागद गेला, टाळी आणि मंगती तेवढी उरली.

तो कागद पुन्हा मिळवण्याचा उद्योग आपल्या खेड्यांत कसा चालला, हे पाहण्याजोगे आहे. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांचा स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा अधिकार मान्य केला, आणि २०१८ च्या सप्टेंबरात प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ च्या कचाट्यातून मुक्त केले. परंतु दिल्लीचा निकाल गावच्या चावडीपर्यंत आपल्या पायांनी चालत येत नाही, तो कोणीतरी आणावा लागतो. सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात, तरंगफळ या गावी, २०१७ साली मतदारांनी ज्ञानदेव कांबळे या तृतीयपंथी उमेदवारास थेट सरपंचपदावर बसवले. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे मात्र लढा मतपेटीआधीच, अर्जाच्या छाननीत उभा राहिला. स्त्रियांसाठी राखीव असलेल्या प्रभागातून अंजली यांनी ग्रामपंचायतीसाठी भरलेला अर्ज, त्या तृतीयपंथी आहेत म्हणून, निवडणूक अधिकाऱ्याने फेटाळला. त्यांनी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे दाद मागितली. आपण स्त्री म्हणूनच ओळख स्वीकारली आहे व पुढे ती बदलणार नाही, या त्यांच्या निवेदनाची दखल घेऊन न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी २०२१ च्या जानेवारीच्या आरंभी अर्ज ग्राह्य धरण्याचा आदेश दिला, आणि त्याच महिन्यातील निवडणुकीत गावाने त्यांना निवडून दिले.

या खटल्याच्या शीर्षकावर क्षणभर दृष्टी ठेवावी. अर्जदाराच्या जागी तेथे ‘अंजली गुरू संजना जान’ असे लिहिलेले आहे: आपल्याकडे बापाचे किंवा नवऱ्याचे नाव जेथे यावयाचे, तेथे गुरूचे नाव. जे नाते इनामाच्या चौकशीत वारसा म्हणून टिकले नव्हते, ते जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी उच्च न्यायालयाच्या कागदावर अर्जदाराची ओळख म्हणून बिनतक्रार उमटले. आणि या खेपेस त्या नावाने मागितली ती भिक्षा नव्हती, ग्रामपंचायतीतील जागा होती.