हेन्री रीड यांच्या गजातून आलेले संगीत

लोकसंगीताला कर्ता नसतो, ते पिढ्यान्‌पिढ्या आपसूक चालत येते, असे आपण सहज म्हणून जातो. अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन डोंगराळ भागातले फिडलवादक हेन्री रीड यांचे आयुष्य पाहिले, तर हे म्हणणे टिकत नाही. रीड यांचा जन्म १८८४चा, वेस्ट व्हर्जिनियातला; पुढे ते व्हर्जिनियात ग्लेन लिन येथे स्थायिक झाले. फिडल म्हणजे व्हायोलिनच, फक्त वाजवायची रीत गावाकडची. तरुणपणी त्यांनी क्विन्स डिलियन या वृद्ध वादकाकडून बऱ्याच सुरावटी उचलल्या. हे डिलियन १८४६-४८च्या मेक्सिको युद्धात सैन्यात फाइफ ही छोटी बासरी वाजवत. रीड यांनी त्या सुरावटी केवळ स्मरणाच्या बळावर साठ-सत्तर वर्षे वाजत्या ठेवल्या. त्यांची एकही व्यावसायिक रेकॉर्ड निघाली नाही. १९६६-६७ मध्ये ड्यूक विद्यापीठातील अ‍ॅलन जबूर या विद्यार्थ्याने त्यांचे वादन ध्वनिमुद्रित केले. १९६८ मध्ये रीड वारले.

मग श्रेय जबूर यांच्या टेपरेकॉर्डरचे नाही का? काही अंशी आहेच. ते तिथे पोहोचले नसते, तर आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये असलेली रीड यांची १८४ ध्वनिमुद्रणे नसती. पण यंत्र असेल तेवढेच टिपते. ‘ओव्हर द वॉटरफॉल’सारखी धून जबूर व त्यांच्या साथीदारांच्या वादनातून देशभरच्या तरुण वादकांत पसरली, ती रीड यांनी जतन केलेल्या रूपात. ‘किचन गर्ल’ या धुनेचा पहिला भाग वरच्या सुरांत शुद्ध गंधार घेतो, तर दुसरा खाली उतरून कोमल गंधारावर येतो. हा पालट आज असंख्य वादकांच्या बोटांत आहे, तो रीड यांच्याकडूनच.

दुसरा आक्षेप असा, की हे सारे ब्रिटन-आयर्लंडहून आलेले जुनेच सामान. काही सुरावटींची नाती तिकडे पोहोचतात, हे खरे. मात्र रीड यांचा गज ठेक्याच्या मात्रा ओलांडत तीन-तीन-दोन असे स्वर बांधतो, आणि हे लयीचे वळण दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय वादकांच्या सहवासातून आले, असे जबूर यांनी साधार मांडले. गुलामगिरीच्या काळात त्या भागात फिडल वाजवणारे अनेकजण कृष्णवर्णीय होते, हे ध्यानात घेतले की ते पटते. अनेक समाजांचे देणे एका माणसाने कानांनी पारखून घेतले, नेमके काय ठेवायचे ते ठरवले आणि ते आयुष्यभर वाजवले. म्हणून या सुरावटींवर नुसते ‘पारंपरिक’ असे लिहून थांबणे अन्यायाचे आहे. सोबत रीड आणि डिलियन यांची नावेही लिहिली गेली पाहिजेत.