अजून किती फेऱ्या?

फॉर्म्युला वनचे थेट प्रक्षेपण पाहणाऱ्यांना ते चित्र ओळखीचे आहे. पडद्यावर गाडीचा आराखडा येतो आणि चारही टायरांपाशी टक्केवारी झळकते. 2018 साली आयोजकांनी ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसशी करार केला, त्यातून पुढे हे आकडे आले. पाहणाऱ्याला वाटते, टायरचे एवढे टक्के रबर उरले. प्रत्यक्षात रबर कोणी मोजलेलेच नसते. गाडीचा वेग आणि तिला बसणारे पुढचे-मागचे, आडवे हिसके यांवरून टायर रस्त्यावर किती घसरला, त्या घसरण्यात किती ऊर्जा खर्ची पडली, याचा तो हिशेब असतो. ही प्रत्यक्ष झीज नव्हे, असे तो आकडा तयार करणाऱ्यांनीच सांगून ठेवले आहे. पण पडद्यावर ती तळटीप येत नाही.

या टक्केवारीचे घराणे शोधत मागे गेले की पहिली पिढी भेटते ती अंदाज न बांधणारी. 1906 साली फ्रान्समध्ये ल मांजवळ पहिली ग्रां प्री झाली. दोन दिवस, बाराशे किलोमीटरांहून अधिक अंतर, वितळलेले डांबर आणि खडी. टायर फुटणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवले होते. प्रश्न एवढाच की फुटल्यावर किती वेळ जाणार. मिशलँने रिमसकट सुटणारा टायर दिला आणि पाव तासाचे काम काही मिनिटांवर आणले. रेनॉच्या फेरेन्त्स सिसने ती शर्यत जिंकली. टायर कधी जाणार याचे भाकीत करण्याऐवजी तो गेल्याचा तोटा कमी करायचा, हा मार्ग मला अजूनही सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

दुसरी पिढी डोळ्यांची. जानेवारी 1958, ब्युनॉस आयरिस. स्टर्लिंग मॉसची छोटी कूपर गाडी बलाढ्य फेरारींसमोर उभी होती. कूपरची चाके चार बोल्टांची असल्याने टायर बदलायला फार वेळ लागला असता, तेव्हा मॉसच्या संघाने न थांबण्याचे ठरवले. मेकॅनिक मात्र नवे टायर घेऊन सज्ज असल्याचे दाखवत राहिले. मॉस थांबेलच या हिशेबावर फेरारी निर्धास्त राहिल्या. इकडे मॉस टायरवर नजर ठेवून जपून चालवत होता. शेवटी रबर झिजून आतले कापड दिसू लागले, आणि तो 2.7 सेकंदांनी जिंकला. इथे अंदाज बांधणारा, त्याची किंमत मोजणारा आणि क्षणोक्षणी तो दुरुस्त करणारा माणूस एकच होता. पुढच्या पिढ्यांमध्ये हे तिघे वेगळे झाले.

रबराचा स्वभाव समजून घेण्याचे काम याच सुमारास प्रयोगशाळांत चालले होते. 1963 साली संशोधक ग्रॉश यांनी दाखवले की रबराचे घर्षण घसरण्याच्या वेगावर आणि तापमानावर अवलंबून असते आणि या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. शर्यतीचा टायर एका ठरावीक तापमानाच्या पट्ट्यातच नीट पकडतो. त्याखाली तो नुसता घसरतो, वरचा थर फाटून त्याचे दाणे होतात. वर गेला की आतून तापून फोड येतात. त्यामुळे निम्मे रबर उरले म्हणजे निम्मी पकड उरली, असे कधीच होत नाही. पकड कित्येक फेऱ्या टिकून राहते आणि दोन फेऱ्यांत निघून जाते.

26 ऑक्टोबर 1986 चे ॲडलेड या सगळ्या घराण्यात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ऑस्ट्रेलियाच्या त्या शर्यतीत विश्वविजेतेपदासाठी नायजेल मॅन्सेलला तिसरे स्थान पुरेसे होते. अॅलन प्रोस्टची गाडी दुसऱ्या गाडीला घासली, टायर पंक्चर झाला आणि 32व्या फेरीत त्याला पिटमध्ये यावे लागले. त्याचे उतरवलेले टायर गुडइयरच्या तंत्रज्ञांनी तपासले. झीज बेताची होती. टायर शेवटपर्यंत टिकतील, बदलायची गरज नाही, असा निरोप संघांना गेला. पाहणी खरी होती, हातात घेऊन केलेली होती. पण ते टायर प्रोस्टचे होते, स्टिअरिंग आणि ब्रेक हळुवार वापरण्याबद्दल जगात नावाजलेल्या ड्रायव्हरचे. शिवाय ते 32 फेऱ्यांचे होते, शर्यत 82 फेऱ्यांची. 63व्या फेरीत आघाडीवरच्या केके रोझबर्गचा टायर गेला. पुढच्याच फेरीत सरळ रस्त्यावर भरधाव असताना मॅन्सेलचा मागचा डावा टायर फुटला. ठिणग्या उडवत, डुलणारी गाडी त्याने कशीबशी थांबवली. मॅन्सेलच्या विल्यम्स संघाने धोका नको म्हणून त्याचा सहकारी नेल्सन पिकेला टायर बदलायला बोलावले आणि प्रोस्ट शर्यतीसह विजेतेपद घेऊन गेला. एका माणसाच्या वागणुकीवरून काढलेला नियम दुसऱ्याला लावला, की माहिती कितीही अस्सल असो, निष्कर्ष घातकच ठरतो.

पुढच्याच वर्षी डेल्फ्टचे हान्स पासेयका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टायरवरच्या बलांसाठी एक सूत्र प्रसिद्ध केले. जगभर ते ‘मॅजिक फॉर्म्युला’ म्हणून ओळखले जाते. टायर असा का वागतो, हे सूत्र सांगत नाही. चाचणीत मोजलेल्या बिंदूंवर नेमकी बसणारी वक्ररेषा ते देते, आणि त्या कामात ते इतके चोख आहे की सिम्युलेटरपासून रस्त्यावरच्या मोटारींच्या आरेखनापर्यंत सगळीकडे पोहोचले. त्याची हद्दही तिथेच आहे. जिथे मोजलेच नाही, तिथे वक्ररेषा फक्त वाढवलेली असते.

ती हद्द 19 जून 2005 रोजी इंडियानापोलिसला सगळ्या जगाने पाहिली. तिथले तेरावे वळण उतरते बांधलेले. त्या वर्षी ट्रॅकचा पृष्ठभाग घासून खरखरीत केलेला होता. शुक्रवारी राल्फ शूमाखरचा मागचा डावा मिशलँ टायर गेला आणि गाडी भिंतीवर आदळली. त्या वळणावर वेग कमी केल्याशिवाय आपले टायर सुरक्षित नाहीत, असे मिशलँने लेखी कळवले. प्रतिस्पर्धी ब्रिजस्टोनचीच कंपनी असलेल्या फायरस्टोनला इंडियानापोलिस 500 मुळे नव्या पृष्ठभागाचा अनुभव होता. मिशलँपाशी तो नव्हता. वळणाआधी अडथळा घालण्याची सूचना फेटाळली गेली आणि मिशलँचे टायर असलेल्या चौदा गाड्या सुरुवातीच्या फेरीनंतर पिटमध्ये परतल्या. ब्रिजस्टोनच्या सहाच गाड्या धावल्या. त्यात नारायण कार्तिकेयन चौथा आला आणि फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय ठरला. आकड्यांना कमी लेखणाऱ्यांनी मिशलँची ही बाजूही लक्षात घ्यावी. आपल्या माहितीचा शेवट कुठे होतो हे त्या कंपनीने जाहीर केले, नाचक्की पत्करून, तिकिटांचे पैसे परत देऊन.

2011 पासून पिरेलीचे टायर आले, तेही मुद्दाम लवकर थकणारे, कारण शर्यती रंगायला हव्या होत्या. आता टायरचा अंदाज हाच खेळाचा गाभा झाला. अपघातानंतर सगळ्यांचा वेग रोखणारी सेफ्टी कार कधी येईल, कोण कुठे अडकेल, असे हजारो पर्याय संगणकावर खेळून पाहून संघ थांबण्याची फेरी ठरवू लागले. 2013 च्या ऑक्टोबरात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर पिरेलीने मीडियम टायर 35 फेऱ्यांपेक्षा जास्त न वापरण्याची शिफारस केली. बंधन मात्र नव्हते. लोटसच्या रोमां ग्रोजाँने एकाच संचावर 47 फेऱ्या काढल्या आणि सतराव्या क्रमांकावरून तिसरा आला. तीच गाडी, तेच टायर असलेल्या किमी रायकोनेनचे टायर शेवटी संपले आणि तो मागे पडत सातवा आला. शिफारस चुकली की बरोबर ठरली? दोन्ही घडले, तासा-दीड तासात, एकाच संघात.

ऑगस्ट 2020 मध्ये सिल्वरस्टोनला सेफ्टी कारमुळे जवळपास सगळ्यांनी तेराव्या फेरीच्या आसपासच हार्ड टायर घातले, ते शेवटपर्यंत टिकतील या अंदाजावर. शेवटच्या तीन फेऱ्यांत तीन गाड्यांचे पुढचे डावे टायर गेले. लुइस हॅमिल्टनने अखेरच्या फेरीचा उरलेला भाग तीन चाकांवर ओढून शर्यत जिंकली.

ऑक्टोबर 2023 मध्ये कतारच्या लुसैलला शुक्रवारी वापरलेले टायर पिरेलीने तपासले, तेव्हा बाजूच्या भिंतीत आतला धागा आणि रबर यांची ताटातूट सुरू झालेली सापडली. ट्रॅकच्या कडेच्या उंच कंगोऱ्यांवरून सतत गेल्याचा तो परिणाम होता. या वेळी शिफारशीवर भागवले नाही. एका संचावर जास्तीत जास्त 18 फेऱ्या, असा आदेश निघाला. 57 फेऱ्यांच्या शर्यतीत टायर टिकले. पण टायर जपायचे कारणच न उरल्याने ड्रायव्हर त्या दमट उकाड्यात प्रत्येक फेरी जीव तोडून चालवत राहिले. लोगन सार्जंटला शर्यत सोडावी लागली, एस्तेबान ओकॉनला हेल्मेटमध्येच उलटी झाली, लान्स स्ट्रोलची शुद्ध हरपत होती. टायरच्या सहनशक्तीचा आकडा सापडला होता, माणसाच्या सहनशक्तीचा कोणी शोधला नव्हता. 2025 पासून त्यासाठीही अंदाज बांधला जातो. उष्णतेचा निर्देशांक 31 अंशांवर जाणार असे दिसले की धोक्याची घोषणा होते आणि गाडीत ड्रायव्हरसाठी थंडाव्याची यंत्रणा बसवावी लागते. अशी पहिली घोषणा सिंगापूरला झाली.